चौकटीतला कोपर

रेडिओवरून छायाचित्राबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच. छायाचित्र माझ्यासमोर टेबलावर आहे, तुमच्यासमोर नाही. म्हणून आधी ते सांगतो. काळंपांढरं आहे, पोस्टकार्डाएवढं. साल १९७६, दिवस ईदचा. मुंबईत माझगावच्या एका चाळीतली माझ्या मामूंची खोली. मागच्या भिंतीला टेकून माणसं रांगेत बसली आहेत. पुढे आम्ही पोरं, त्यात मी एका हाताने टोपी धरून बसलेला. मधोमध नानी, तिच्या शेजारी मुमानी. आणि डाव्या कडेला, कागद संपतो तिथे, एक कोपर आहे. नुसता कोपर. मनगटाजवळ बांगड्या दिसतात. चित्रात त्यांचा रंग कळत नाही, पण मला माहीत आहे, त्या हिरव्या होत्या.

तो कोपर माझ्या आईचा. त्या खोलीत काढलेलं तिचं हे एकमेव छायाचित्र.

मामूंना मी मोठेपणी एकदा विचारलं होतं, आईला असं अर्धवट का कापलंत? ते दापोलीकडचे, जन्म जहाजावर गेलेला. बोलायला फटकळ. म्हणाले, "अरे, मागं सरकायला जागा होती कुठं? पाठ दाराला लागली होती माझी."

त्या एका वाक्यात वाइड अँगल लेन्सचा सगळा इतिहास आहे, हे मला अलीकडे कळलं. मामू गेल्यावर त्यांचा कॅमेरा मुमानींनी माझ्याकडे दिला. चाळ आता पुनर्विकासात जाणार, खोली रिकामी करायची. त्याआधी सगळ्यांचा एक फोटो त्याच खोलीत, त्याच कॅमेऱ्याने काढायचा असं ठरलं, आणि त्यासाठी मी एक छोटी वाइड अँगल लेन्स शोधू लागलो. मी बी. ए. झालेला, तेही मराठी घेऊन. प्रकाशशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्यापुरता. तरी या शोधात मी वेट्झलारपासून नागानोपर्यंत जाऊन आलो, अर्थात पुस्तकांतून आणि फोर्टमधल्या एका दुरुस्तीवाल्या काकांच्या स्टुलावर बसून.

कॅमेरा आहे कॅननचा, 'पी' नावाचा. जपानमध्ये १९५९ साली बाजारात आला. मामूंनी तो कोबे बंदरात जुना घेतला होता. या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. म्हणजे काय, तर यात आपण लेन्समधून बघत नाही. वर एक वेगळी काचेची खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक उजळ ठिपका असतो, त्यात समोरच्या माणसाची दुसरी, फिकट प्रतिमा दिसते. लेन्सची कडी फिरवत गेलं की ही प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस झाला. लेन्स काय बघते आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही. ते पाठ असावं लागतं.

'कॅनन' या नावापाशी जरा थांबतो. १९३४ साली तोकियोत या मंडळींनी पहिला नमुना कॅमेरा बांधला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं होतं 'क्वानॉन'. क्वानॉन म्हणजे करुणेची बौद्ध देवता, म्हणजेच आपला अवलोकितेश्वर. त्यांच्या चिन्हात ती देवता होती, सहस्र हातांची. लेन्सलाही नाव दिलं होतं 'कास्यपा', बुद्धाच्या शिष्यावरून. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून, मान किंचित कलती ठेवून खाली बघत उभा असलेला पद्मपाणी तुम्ही पाहिला असेल. तोही अवलोकितेश्वरच. दापोलीच्या एका खलाशाने कोबेत घेतलेल्या यंत्राच्या नावात अजिंठ्याचा धागा निघावा, याची मला गंमत वाटते. मामूंना हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरं मग?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मामूंच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स होती, त्या काळी सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर असायची तशी. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर. हिशेब अगदी त्रैराशिकाचा. माणसं जितक्या अंतरावर, त्याला ३६ ने गुणायचं आणि लेन्सच्या आकड्याने भागायचं, की किती रुंदी चित्रात मावेल ते येतं. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. दाराला पाठ लावून उभं राहिलं तर समोरची रांग साधारण नऊ फुटांवर येते. नऊ गुणिले ३६, भागिले ५०. उत्तर साडेसहा फूट. दहा फुटांच्या भिंतीतले साडेतीन फूट बाहेर. आई त्या साडेतीन फुटांत बसली होती.

हा आकडा काढला तेव्हा मामूंवरचा माझा राग गेला. राग होता, हे कबूल करतो. कवी माणूस, मी त्या कोपरात उगाच बरंच काही वाचलं होतं.

मागे सरकायला जागा नसणं ही अडचण कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. देवळाचा गाभारा, अरुंद गल्ली, दिवाणखाना, खाण. १९०० साली बर्लिनच्या गोएर्झ कंपनीत एमिल फॉन होएग या गणितज्ञाने 'हायपरगॉन' नावाची लेन्स केली. दोनच पातळ काचा, जवळजवळ अर्धगोल, एकमेकींकडे तोंड करून बसवलेल्या, ओंजळीत ओंजळ धरावी तशा. तिला जवळजवळ १४० अंशांचा पसारा दिसायचा. पण एक गोम होती. रुंद कोनात कडेकडे प्रकाश फार भराभर कमी होत जातो. सरळ समोरून येणाऱ्या प्रकाशाच्या तुलनेत ४५ अंशांतून तिरपा येणारा प्रकाश चौथा हिस्साच उरतो, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मग चित्राचा मध्य जळणार आणि कडा काळ्या राहणार. यावर त्यांनी काढलेला उपाय ऐका. लेन्सच्या पुढे एक चिमुकलं चांदणीच्या आकाराचं चक्र बसवलं. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ते गरगर फिरायचं आणि मधला प्रकाश अडवायचं, कडांचा येऊ द्यायचं. मग ते बाजूला करून उरलेला वेळ चित्र घ्यायचं. जत्रेतल्या भिरभिऱ्याने सुटलेला प्रकाशशास्त्राचा प्रश्न मी दुसरा पाहिला नाही.

ही लेन्स मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांची. खिशातला कॅमेरा आला तो ऑस्कर बार्नाकमुळे. वेट्झलार या जर्मन गावात लाइट्झ कंपनी सूक्ष्मदर्शकं बनवायची, तिथे तो कारागिरांवरचा प्रमुख होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि डोंगरात फिरायची हौस. जड कॅमेरा पेलवत नसे. सिनेमाच्या फिल्मवर एका वेळी दोन चौकटींएवढं चित्र घेणारा छोटा कॅमेरा त्याने १९१३-१४ च्या सुमारास बनवला. पुढे १९२५ साली लाइपत्सिगच्या जत्रेत तो 'लाइका' नावाने विकायला आला. लेन्स एकच, ५० ची, तीही पक्की बसवलेली. १९३० साली लेन्स काढता-घालता येऊ लागली आणि त्याच सुमारास ३५ मिलिमीटरची 'एल्मार' आली. चवली-पावलीच्या चळतीसारखी दिसते ती, इतकी चपटी. १९३२ मध्ये कॅमेऱ्यातच रेंजफाइंडर बसला. आज ज्याला आपण छोटी वाइड अँगल म्हणतो तिचा वंश इथून सुरू होतो. त्या वेळी ठरवलेली ३९ मिलिमीटर व्यासाची आट्यांची गोल कडी मामूंच्या कॅमेऱ्यावरही आहे. जपान्यांनी ती जशीच्या तशी घेतली, रशियनांनीही घेतली. त्यामुळे १९३० नंतरच्या कितीतरी देशांच्या लेन्स या एका कॅमेऱ्यावर फिरकीने बसतात. सोडावॉटरच्या बाटलीची बुचंसुद्धा इतकी इमानाने एकमेकांना बसत नाहीत.

लाइट्झची प्रतिस्पर्धी होती येना गावची झाइस कंपनी आणि तिचा कॅमेरा 'कॉन्टॅक्स'. तिथे लुडविग बेर्टेले नावाचा माणूस होता. विद्यापीठाची पदवी नाही, अगदी तरुणपणी कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागलेला. तेव्हा एक लेन्स आखायची म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण काचेच्या प्रत्येक पृष्ठावर कुठे वळेल हे लॉगरिथमच्या कोष्टकांवरून हाताने काढायचं. महिनोन् महिने. बेर्टेलेने १९३० च्या दशकात कॉन्टॅक्ससाठी ३५ मिलिमीटरची 'बिओगोन' आखली. एल्मारपेक्षा तिच्यात प्रकाश बराच जास्त यायचा. युक्ती अशी की मागची जाडजूड काच कॅमेऱ्याच्या पोटात, फिल्मच्या अगदी जवळ जाऊन बसायची. बाहेरून बघावं तर लेन्स एवढीशी, निम्मी आत लपलेली.

हे आत शिरणं महत्त्वाचं आहे, कारण रेंजफाइंडरची लेन्स छोटी का राहते याचं उत्तर त्यात आहे. दुसऱ्या जातीचे कॅमेरे, एस.एल.आर., ज्यांत आपण लेन्समधूनच बघतो, त्यांच्या पोटात एक आरसा वरखाली होत असतो. त्या आरशाला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब ठेवावी लागते. निकॉनच्या एस.एल.आर.मध्ये लेन्सच्या कडीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असतं. मामूंच्या कॅमेऱ्यात २८.८. आता २८ मिलिमीटरची साधी लेन्स फिल्मपासून साधारण २८ मिलिमीटरवर असायला हवी. मध्ये आरसा आला की ती बसणारच नाही. मग तिला उलट्या दुर्बिणीसारखी आखायची, पुढे मोठी अंतर्गोल काच लावायची. पॅरिसच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० साली तशी लेन्स केली. मार्ग निघाला, पण पुढचं तोंड टमरेलाएवढं होऊ लागलं. निकॉनने १९५९ मध्ये आपला एस.एल.आर. काढला तेव्हा त्यांच्या २१ मिलिमीटरच्या लेन्ससाठी आरसा आधी वर अडकवून ठेवावा लागे आणि बघायला वेगळी खिडकी डोक्यावर बसवावी लागे. म्हणजे एस.एल.आर. घेऊन त्याचा रेंजफाइंडर करायचा! रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. काच हवी तितकी आत जाते. पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांचे आरशातल्यासारखे जोडीदार ठेवता येतात, आणि असे जोडीदार एकमेकांच्या चुका आपोआप पुसतात. सरळ भिंती सरळ राहतात, दाराची चौकट पोट काढत नाही.

शिवाय लेन्स छोटी असण्याचं आणखी एक कारण फोर्टच्या काकांनी हातात कॅमेरा देऊन दाखवलं. मी आपला समजत होतो की छोटी म्हणजे खिशाला बरी. त्यांनी एक लठ्ठ लेन्स लावली आणि म्हणाले, "आता बघा." खिडकीतून बघतो तर खालचा उजवा कोपरा लेन्सनेच खाऊन टाकलेला. बघायची खिडकी वर कोपऱ्यात आणि लेन्स तिच्या शेजारी. लेन्स वाढली की ती आपल्याच नजरेआड येते. रेंजफाइंडरवर लेन्स छोटी हवी ती मिरवायला नव्हे, समोरचं दिसायला.

येनाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य तिथे पोचलं. पण करारानुसार तो मुलूख रशियाच्या वाट्याचा होता. जाताना अमेरिकनांनी झाइसचे सुमारे ऐंशी तज्ज्ञ कुटुंबांसह पश्चिमेकडे नेले. मग रशियन आले. त्यांनी यंत्रं नेली, आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये एका रात्रीत पूर्व जर्मनीतले हजारो तज्ज्ञ आणि त्यांचे घरचे आगगाड्यांत बसवून सोव्हिएत संघात रवाना केले. त्यांत झाइसचीही माणसं होती. कॉन्टॅक्सची सामग्री कीव्हला गेली आणि तोच कॅमेरा 'कीव्ह' नावाने निघू लागला. बिओगोनची रशियन आवृत्ती झाली 'ज्युपिटर-१२'. इकडे पश्चिमेत स्टुटगार्टला १९५० मध्ये नवा कॉन्टॅक्स निघाला, तर त्याच्या पोटाची रचना बदललेली. युद्धापूर्वीची बिओगोन त्यात शिरेचना. मागची काच अडायची. पश्चिमेला नवी लहान बिओगोन आखावी लागली. जुनी लेन्स आपल्या जुन्या घरी बसत होती ती फक्त कीव्हमध्ये. फाळणी माणसांची होते हे आपल्याला माहीत आहे. काचांचीही होते, हे मला नवीन होतं.

लेन्स रुंद व्हायला दुसरा मोठा रेटा मिळाला तो विमानांतून. वरून जमिनीचे नकाशे काढायचे तर एका चित्रात जास्तीत जास्त मुलूख यायला हवा आणि एकही रेघ वाकता कामा नये. १९३३ च्या सुमारास झाइसच्या रॉबर्ट रिश्टरने त्यासाठी 'टोपोगॉन' केली, चार खोल वाट्यांसारख्या काचांची. लेनिनग्राडच्या मिखाइल रुसिनोव यांनी १९४० च्या दशकात कडेचा अंधार कमी करण्याची रचना शोधली. तिरप्या किरणांना लेन्सचं दारच जास्त उघडं दिसेल अशी. भिरभिऱ्याची गरज तिथे संपली. बेर्टेले तोवर स्वित्झर्लंडमध्ये होता, त्याने त्याच वाटेने जात १९५४ मध्ये कॉन्टॅक्ससाठी २१ मिलिमीटरची बिओगोन दिली. शत्रूचा मुलूख मोजायला शोधलेल्या या काचा दहा वर्षांत लग्नघरात आणि गल्लीबोळात आल्या. जपान्यांनी टोपोगॉनच्या धर्तीवर २५ मिलिमीटरच्या लेन्स केल्या, आधी निकॉनने, मग १९५६ मध्ये कॅननने. निकॉनची तर बिस्किटाएवढी जाड.

बघायच्या खिडकीची गोष्ट मात्र मागेच राहिली होती. लाइकाचा १९५४ चा 'एम ३' हा कॅमेरा म्हणजे यंत्रकामाचा कळस मानतात, पण त्याच्या खिडकीत ३५ ची चौकटच नव्हती. मग कंपनीने ३५ च्या लेन्सला चष्मा लावला! खरोखरचा, दोन काचांचा चष्मा लेन्सवरून वर येऊन खिडक्यांसमोर बसायचा आणि दृश्य लहान करून दाखवायचा. पुढे 'एम २' मध्ये ३५ ची चौकट आली तेव्हा लेन्सचा चष्मा उतरला. मामूंच्या कॅमेऱ्यात ३५ ची चौकट आहे, अगदी कडेला. पण मला चष्मा आहे, आणि चष्म्यामुळे डोळा खिडकीला भिडत नाही. ती चौकट मला दिसतच नाही. मामूंना दिसत असणार. खलाशाचे डोळे.

आता निवड. ३५ घेतली तर नऊ गुणिले ३६, भागिले ३५. सव्वानऊ फूट. भिंत दहा फुटांची. बाहेर राहतात नऊ इंच. नऊ इंच म्हणजे एक कोपर. मी तिथेच ३५ चा नाद सोडला, जरी सगळे जाणकार सांगतात की पहिली वाइड अँगल ३५ चीच घ्यावी. २१ घेतली तर पंधरा फूट मावतात, पण मग माणसं चिमुकली आणि छत-फरशीच जास्त. २८ चे येतात साडेअकरा. भिंत बसते आणि दोन्ही बाजूंना हात टेकवायला जागा उरते.

"पण २८ मध्ये कडेची माणसं जाडी दिसतात ना?" मी काकांना विचारलं. ते हसले. त्यांनी सांगितलेलं मी आधी कुठे वाचलं नव्हतं. कडेचं डोकं ओढल्यासारखं रुंद दिसतं तो लेन्सचा दोष नाही. आपण किती जवळ उभे आहोत आणि माणूस आपल्या नजरेपासून किती तिरका बसला आहे, एवढ्यावरच ते ठरतं. त्याच जागेवरून २१ ने घ्या नाहीतर ३५ ने, त्या जागी बसलेलं डोकं तितकंच ओढलं जाणार. फक्त ३५ मध्ये ते चौकटीबाहेर असतं म्हणून तक्रार कुणी करत नाही. माझ्या खोलीत टोकाला बसलेल्या माणसाचं डोकं साधारण आठव्या हिश्शाने रुंद येणार होतं. "म्हणून कडेला सडपातळ माणसं बसवा," काका म्हणाले. "लग्नात आम्ही हेच करायचो."

कोणती २८? ज्युपिटर ३५ ची, ती आधीच बाद झाली होती. आणि पोटात खोल जाणारी काच मामूंच्या कॅमेऱ्यात घालायला काका तयारही नव्हते. या कॅमेऱ्याचा पडदा पातळ पोलादी पत्र्याचा असतो. कापडी पडद्याला उन्हाने भोक पडतं तसं याला पडत नाही, पण बोट लागलं की सुरकुती कायमची. आमच्या पडद्याला दोन आहेत. त्यातली एक मी लहानपणी पाडलेली, असं मुमानी म्हणतात. कॅननची स्वतःची २८ मिलिमीटर, २.८ ची, १९५७ सालची, मनात भरली होती. घराण्यातलीच म्हणायची. एका विक्रेत्याकडून मागवली. त्याने 'स्वच्छ' लिहून पाठवलं होतं. काकांनी मागून टॉर्च मारला तर आत पहाटेचं धुकं. आतल्या वंगणाची वाफ वर्षानुवर्षं काचेवर बसते आणि काही काचांचा पृष्ठभाग खाऊन टाकते. काकांनी उघडून पुसली, धुकं निम्मंच गेलं. ती परत केली, आणि पैसे परत मिळायला जे दिव्य करावं लागलं त्यावर वेगळं भाषण होईल.

शेवटी जी मिळाली ती नागानो प्रांतातल्या नाकानो गावची. तिथे कोसिना नावाचा कारखाना आहे. दुसऱ्यांसाठी स्वस्त कॅमेरे आणि लेन्स बनवून देणं हा त्यांचा धंदा. त्याचे प्रमुख हिरोफुमी कोबायाशी यांनी १९९९ मध्ये, जग डिजिटलकडे वळत असताना, फिल्मचा नवा कॅमेरा काढला तोही १९३० च्या आट्यांच्या कडीचा आणि बघायच्या खिडकीशिवायचा. त्याला नाव घेतलं १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या फोग्टलेंडर या जुन्या कंपनीचं. सोबत १५ आणि २५ मिलिमीटरच्या लेन्स दिल्या. शहाण्या माणसांनी वेड्यात काढलं असेल. पण तोवर जगात जुन्या आट्यांचे लाखो कॅमेरे कपाटांत पडून होते आणि त्यांना नवी काच कुणी देत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत ३५, २८, २१ अशी ओळच आली. माझी २८, ३.५ ची, त्या ओळीतली. पितळी अंगाची, जड, अक्रोडाएवढी. ती आता बनत नाही, त्यांचे फिल्म कॅमेरेही २०१५ मध्ये बंद झाले. मी जुनीच घेतली. सोबत डोक्यावर बसवायची २८ ची छोटी खिडकी मिळाली. चष्म्यासकट सगळं दिसतं.

जाता जाता एक. अशा मागे सरकून बसणाऱ्या काचा डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्या तर कडांना जांभळी झाक येते, कारण सेन्सरला फार तिरपा प्रकाश चालत नाही. फिल्मला चालतो. त्याच कोसिनाला १५ मिलिमीटरची लेन्स २०१५ मध्ये त्यासाठी नव्याने आखावी लागली आणि ती मोठी झाली. छोटेपणाचं ते गणित फिल्मबरोबरचंच होतं.

फोटो एका रविवारी दुपारी काढला. चौदा माणसं. कॅमेरा दाराशेजारच्या फळीवर, खाली दोन पुस्तकं. खिडकीतून येणारा प्रकाश पुरेसा होता, फ्लॅश नको म्हटलं. लेन्सचं तोंड ४ वर ठेवलं आणि फोकस नऊ फुटांवर. २८ मध्ये एवढ्यावर सहा फुटांपासून पंधरा फुटांपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, पुढची पोरंही आणि मागची भिंतही. मामूंच्या ५० मध्ये आठ ते दहा फूट एवढाच पट्टा मिळाला असता. मुमानींना मधोमध बसवलं, नानी बसायची तिथे. पुतण्याला उजव्या कडेला, तो काठीसारखा आहे. मुमानींनी विचारलं, "डावीकडची जागा कुणाची?" मी म्हटलं, माझी.

कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक दांडी आहे. ती फिरवून ठेवली की शटर थोड्या वेळाने आपोआप पडतं. मामूंनी ती १९७६ मध्ये का वापरली नाही कुणास ठाऊक. दांडी फिरवली, कळ दाबली, यंत्र घरघरू लागलं आणि मी पोरांच्या डोक्यांवरून उड्या टाकत डाव्या टोकाला जाऊन भिंतीला टेकलो.

रोल धुऊन आला. भिंतीची दोन्ही टोकं आली आहेत, दिवा आला आहे, कपाटाची कड आली आहे. माझे दोन्ही कोपर चित्रात आहेत. डोकं थोडं रुंद आलं आहे, आठव्या हिश्शाने. मुमानी म्हणाल्या, "आईवर गेलायस."